डेस्कटॉपचं साउंड कार्ड बदलताना: आधी निदान, मग स्क्रू-ड्रायव्हर

डेस्कटॉपचा आवाज गेला की बरेच जण थेट नवं साउंड कार्ड मागवतात, बसवतात, आणि तरीही आवाज येत नाही. कधी बिघाड कार्डात नसतोच. कधी कार्ड उत्तम असतं, पण विंडोज आवाज मॉनिटरकडे पाठवत असतं. कधी कॅबिनेटच्या पुढच्या जॅकची वायर अजून जुन्याच जागी असते. तिन्ही ठिकाणी चूक एकच आहे: क्रम सोडून काम केलं. खालचा क्रम विंडोज ११ असलेल्या आणि मदरबोर्डवरच्याच ऑडिओवर चालणाऱ्या साध्या डेस्कटॉपसाठी आहे. विंडोज १० मध्ये काही खिडक्या वेगळ्या दिसतील, क्रम बदलत नाही.

## टप्पा १: बिघाड कुठे आहे ते आधी ठरवा

या टप्प्याला अर्धा तास लागतो आणि तो टाळल्यामुळेच सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

१. स्पीकर किंवा हेडफोन दुसऱ्या कशाला तरी लावून बघा: मोबाइल, टीव्ही, जे हाताशी असेल ते. तिथेही आवाज नसेल तर कॉम्प्युटर उघडायची गरजच नाही.

२. पिन कॅबिनेटच्या मागच्या हिरव्या जॅकमध्ये लावा आणि शेवटपर्यंत दाबा. अर्धवट बसलेली पिन एकाच कानात किंवा पोकळ आवाज देते. रंग लक्षात ठेवा: हिरवा म्हणजे समोरचे स्पीकर किंवा हेडफोन, गुलाबी म्हणजे माइक, निळा म्हणजे बाहेरून आत येणारा आवाज. ५.१ ची (पाच स्पीकर आणि एक सबवूफर) सोय असेल तर काळा मागच्या स्पीकरांसाठी आणि केशरी मधल्या स्पीकर व सबवूफरसाठी असतो.

३. टास्कबारवर उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करून आवाज कोणत्या उपकरणाकडे जातोय ते बघा. तिथे मॉनिटरचं नाव दिसलं, तर बहुधा उत्तर सापडलं. एचडीएमआय केबल आवाजही वाहून नेते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा छोटा प्रोग्राम) अद्ययावत झाला की विंडोज कधीकधी मॉनिटरलाच मुख्य उपकरण ठरवून टाकतं, मग त्या मॉनिटरला स्पीकर असोत वा नसोत.

४. डिव्हाइस मॅनेजर उघडा. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ खाली मदरबोर्डच्या ऑडिओचं नाव असतं, बहुतेक वेळा रिअलटेक. त्यावर उजवं क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडा आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट करा. विंडोज ड्रायव्हर पुन्हा बसवतं. केवळ ड्रायव्हर बिघडला असेल, तर काम इथेच संपतं.

५. अजूनही आवाज नसेल तर शेवटची चाचणी. उबंटूसारखी लिनक्स प्रणाली पेनड्राइव्हवरून, इन्स्टॉल न करता, ‘ट्राय’ पर्यायाने चालू करा आणि मागच्या हिरव्या जॅकवर आवाज येतो का बघा. तिथे आवाज आला, तर हार्डवेअर ठीक आहे आणि दोष विंडोजमध्ये आहे. तिथेही आला नाही, तर मदरबोर्डचा ऑडिओ गेला असं मानून पुढे जा.

आवाज पूर्ण गेलेला नसेल, पण खराब असेल, तर तो कसा खराब आहे हे कान देऊन ऐका. मधूनमधून फटफट होऊन आवाज तुटत असेल तर संशय ड्रायव्हरवर घ्या. वाय-फाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून ठेवतो तेव्हा ऑडिओचा पुरवठा खंडित होतो. लेटन्सीमॉन नावाचं साधन नेमका कोणता ड्रायव्हर अडवतोय ते दाखवतं. माउस हलवला किंवा खिडकी सरकवली की चिरचिर ऐकू येत असेल, तर मदरबोर्डवरचा विजेचा गोंगाट ऑडिओच्या भागात शिरतो आहे. इथे मात्र बाहेरून लावायचं यूएसबी साउंड उपकरण खरोखर उपयोगी पडतं. आणि एकसुरी गुणगुण सतत चालू असेल तर टप्पा ८ आधी वाचा, कारण ती बहुधा कार्ड बदलून जात नाही.

तपासा: निदान एका वाक्यात सांगता येतंय का? ‘मागच्या जॅकवर विंडोजमध्येही आवाज नाही, लिनक्समध्येही नाही’ असं ठाम म्हणता आलं तरच खरेदीकडे वळा.

## टप्पा २: काय घ्यायचं

दोन स्पीकर आणि एक हेडफोन एवढीच गरज असेल तर यूएसबीवर चालणारं उपकरण घ्या, हे आमचं स्पष्ट मत. कॅबिनेट उघडावं लागत नाही, उद्या कॉम्प्युटर बदलला तरी ते चालतं, आणि आतल्या विजेच्या गोंगाटापासून ते लांब राहतं. अगदी साधा यूएसबी डोंगलसुद्धा बंद पडलेल्या ऑडिओची जागा घेऊ शकतो.

मदरबोर्डवर बसणारं कार्ड दोन कारणांसाठी घ्यावं: ५.१ स्पीकर तीन वेगळ्या वायरींनी जोडायचे असतील, किंवा कॅबिनेटच्या पुढचे जॅक चालू ठेवायचे असतील. कार्ड घ्यायचं ठरलं तर पैसे देण्याआधी कॅबिनेट उघडून बघा. यातल्या प्रत्येक गोष्टीमुळे परत पाठवावी लागलेली कार्डं असतात:

- स्लॉट. हल्लीची साउंड कार्डं पीसीआय एक्सप्रेसच्या सर्वांत छोट्या, सुमारे २५ मिमी लांबीच्या स्लॉटमध्ये बसतात. तोच प्रकार मोठ्या स्लॉटमध्येही चालतो. जुना पीसीआय स्लॉट वेगळा, सुमारे ८५ मिमी लांब असतो आणि त्यात नवं कार्ड बसत नाही. जुन्या कॉम्प्युटरमधून काढलेली स्वस्त कार्डं याच जुन्या प्रकारची असू शकतात.
- जागा. जाड ग्राफिक्स कार्ड खालचे एक-दोन स्लॉट झाकून टाकतं. स्लॉट मोकळा दिसला तरी कार्ड पंख्याला चिकटून बसणार असेल तर तो सोडा, ग्राफिक्स कार्ड तापेल.
- उंची. बारीक कॅबिनेटला कार्डाच्या टोकाला साधारण ८० मिमीची बुटकी धातूची पट्टी लागते, मोठ्या कॅबिनेटला १२० मिमीची. कार्डासोबत दोन्ही येतात का ते विचारा.
- वेगळी वीज. काही कार्डांना स्लॉटमधून मिळणारी वीज पुरत नाही. असुसच्या झोनार एसेन्स एसटीएक्सला चार पिनांची मोलेक्स वायर लागते, क्रिएटिव्हच्या साउंड ब्लास्टर एई-९ ला ग्राफिक्स कार्डासारखी सहा पिनांची. एसएमपीएसमध्ये (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यात) तशी वायर शिल्लक आहे का ते मोजा.
- पुढच्या जॅकची जागा. पुढच्या जॅकची वायर जिथे बसते तो दहा जागांचा, नऊ पिनांचा ऑडिओ हेडर सगळ्याच कार्डांवर नसतो. फोटो मोठा करून बघा.

कार्ड किंवा डोंगल घेताना हेडफोनही तपासा. ३२ ओहम रोधाच्या नेहमीच्या हेडफोनला कोणतंही उपकरण पुरतं. २५० किंवा ३०० ओहमच्या हेडफोनला हेडफोन अँप्लिफायर असलेलं घ्या, नाहीतर आवाज पूर्ण वाढवूनही बारीकच राहील.

मोबाइलच्या हेडफोनची पिन तीन काळ्या पट्ट्यांची असते, कारण माइकही त्याच पिनेत असतो. डेस्कटॉपला मात्र माइक आणि हेडफोनसाठी दोन वेगळे जॅक असतात. अशी पिन सरळ हिरव्या जॅकमध्ये लावली की आवाज येतो, पण माइक चालत नाही, आणि लोक माइक बिघडला असं समजतात. त्यासाठी एका पिनेचे दोन भाग करणारा वाय स्प्लिटर लागतो. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोड किंवा पुण्यातल्या तपकीर गल्लीसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात तो सहज मिळतो. मागताना ‘हेडफोन आणि माइक वेगळा करणारा’ असं सांगा. दोन हेडफोन जोडायचा स्प्लिटर दिसायला तसाच असतो आणि इथे निरुपयोगी ठरतो.

सावधान: ज्या स्पीकरांना स्वतःची विजेची वायर किंवा यूएसबी नाही, ते साउंड कार्डावर थेट चालत नाहीत. म्युझिक सिस्टिमच्या जुन्या स्पीकरांना मध्ये अँप्लिफायर हवाच.

## टप्पा ३: सुटे करण्यापूर्वीची तयारी

१. नव्या कार्डाचा ड्रायव्हर बनवणाऱ्या कंपनीच्याच साइटवरून आधी उतरवून ठेवा. मदरबोर्डच्या ऑडिओचा ड्रायव्हरही ठेवा, मागे फिरायची वेळ आली तर लागतो. ‘सगळे ड्रायव्हर आपोआप’ अशी जाहिरात करणारे प्रोग्राम टाळा.

२. सिस्टिम रीस्टोअर पॉइंट तयार करा, म्हणजे गडबड झाली तर विंडोज आत्ताच्या स्थितीला परत आणता येतं.

३. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा. विंडोज ११ च्या अनेक कॉम्प्युटरांवर ते मालकाच्या नकळत चालू असतं. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) बदल केल्यावर विंडोज ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. आत्ताच कागदावर उतरवून घ्या. ती सापडली नाही तर डिस्कवरचा डेटा उघडत नाही, म्हणून ही पायरी सोडू नका.

४. कॅबिनेटच्या मागच्या सगळ्या वायरींचा आणि आतल्या बाजूचा मोबाइलवर फोटो काढा.

५. क्रमांक २ चा फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर, टॉर्च, आणि स्क्रूंसाठी एक वाटी जवळ ठेवा.

यूएसबी उपकरण घेतलं असेल तर टप्पा ४ सोडून थेट ५ वर जा.

## टप्पा ४: कार्ड बसवणं

१. शिफ्ट दाबून धरा आणि मग ‘शट डाउन’ निवडा. नुसत्या शट डाउनने विंडोज फास्ट स्टार्टअपसाठी अर्धवट झोपेत जातं आणि नवं हार्डवेअर ओळखताना गोंधळ होऊ शकतो.

२. एसएमपीएसचं मागचं बटण बंद करा, विजेची वायर काढा, आणि मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. कॉम्प्युटर बंद असला तरी वायर लागलेली असेपर्यंत मदरबोर्डवर ५ व्होल्ट खेळत असतात. त्या स्थितीत कार्ड सरकवलं तर कार्ड किंवा स्लॉट जळू शकतो.

३. कॅबिनेट आडवं ठेवा. कार्डाला हात लावण्याआधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा आणि मधूनमधून लावत राहा. हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत स्वेटर घालून हे काम करू नका.

४. स्लॉटसमोरची धातूची पट्टी काढा. कार्ड कडेने धरून दोन्ही टोकांवर सारखा दाब देत सरळ खाली बसवा. सोनेरी पट्ट्या जवळजवळ दिसेनाशा झाल्या पाहिजेत. मागची धातूची पट्टी कॅबिनेटला टेकली की स्क्रू लावा. स्क्रू घट्ट करताना कार्डाचं दुसरं टोक वर उचललं जातं, ही चूक नेहमीची आहे. स्क्रू लावल्यावर पुन्हा एकदा बघा.

५. वेगळी वीज लागत असेल तर आता जोडा.

६. पुढच्या जॅकची वायर मदरबोर्डवरून काढून नव्या कार्डावर लावा. या वायरीच्या टोकावर बहुधा ‘एचडी ऑडिओ’ असं छापलेलं असतं. दहापैकी आठव्या जागी पिन नसते आणि प्लगमध्ये तेच भोक बुजवलेलं असतं, म्हणून तो एकाच दिशेने बसतो. जुन्या कॅबिनेटमध्ये त्याच वायरीला ‘एसी ९७’ असं दुसरं टोक असतं. ते लावू नका, त्यात पिन लावल्याची खबर कार्डाला मिळतच नाही.

सावधान: यूएसबीचा हेडरही नऊ पिनांचाच आणि शेजारीच असू शकतो. फरक रिकाम्या जागेचा: यूएसबीत ती कोपऱ्यात असते, ऑडिओत कोपऱ्यापासून एक पिन आत. प्लग बसत नसेल तर तो चुकीचा आहे. जोर लावलात तर पिना वाकतील.

तपासा: झाकण लावण्याआधी कॉम्प्युटर एकदा चालू करा. पंखे फिरले आणि चित्र आलं तरच झाकण लावा.

## टप्पा ५: ड्रायव्हर

आतल्या कार्डासाठी आधी कार्ड, मग ड्रायव्हर. यूएसबी उपकरणांत उलटंही असतं: रेकॉर्डिंगसाठीच्या काही इंटरफेसच्या पुस्तिकेत ‘आधी ड्रायव्हर, मग वायर’ असं लिहिलेलं असतं, ते तंतोतंत पाळा. साध्या डोंगलला ड्रायव्हर लागतच नाही. विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या पिढीची उपकरणंही विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर चालतात.

यूएसबी उपकरण मागच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टला लावा, हब टाळा. आणि पोर्ट ठरला की बदलू नका. पोर्ट बदलला तर विंडोज अनेकदा तेच उपकरण नवं समजतं आणि पुढच्या टप्प्यातल्या सगळ्या सेटिंग्ज पुन्हा कराव्या लागतात.

ड्रायव्हर बसवून रीस्टार्ट करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नव्या कार्डाचं नाव दिसलं आणि पिवळं उद्गारचिन्ह नसलं की पुढे जा.

## टप्पा ६: विंडोजला नीट सांगा

बहुतेक लोक इथे अडकतात. नव्या सेटिंग्जमध्ये सगळं मिळत नाही, म्हणून जुनी खिडकी उघडा: विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून एम-एम-एस-वाय-एस, मग टिंब, मग सी-पी-एल ही अक्षरं सलग टाइप करा आणि एंटर दाबा.

१. ‘प्लेबॅक’मध्ये नव्या कार्डावर उजवं क्लिक करून ‘सेट अ‍ॅज डिफॉल्ट डिव्हाइस’ निवडा, आणि ‘डिफॉल्ट कम्युनिकेशन डिव्हाइस’ही त्यालाच करा. ही दुसरी निवड राहून गेली की गाणी नव्या कार्डावर वाजतात आणि मीटिंगचा आवाज जुन्याकडे जातो.

२. वापरात नसलेली उपकरणं, विशेषतः मॉनिटरची, ‘डिसेबल’ करा. पुढच्या ग्राफिक्स अपडेटनंतर आवाज पळून जाण्याची शक्यता त्यामुळे कमी होते.

३. ‘कॉन्फिगर’ दाबून स्पीकरांची खरी संख्या निवडा आणि ‘टेस्ट’ करा. दोन स्पीकर असताना ५.१ निवडलं तर सिनेमातले संवाद अगदी बारीक येतात, कारण ते नसलेल्या मधल्या स्पीकरकडे जातात. संगीत मोठं आणि बोलणं पुसट, अशी तक्रार असेल तर आधी हेच बघा.

४. ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये २४ बिट, ४८,००० हर्ट्झ ठेवा. व्हिडिओंचा आवाज बहुतेक ४८,००० वरच असतो. १,९२,००० निवडून ऐकण्यात फरक पडत नाही, उलट स्वस्त यूएसबी उपकरणांत खरखर सुरू होऊ शकते.

५. ‘एन्हान्समेंट्स’ बंद करा. आवाज आपोआप चढत-उतरत असेल तर कारण अनेकदा हेच असतं.

६. ‘कम्युनिकेशन्स’ टॅबवर ‘डू नथिंग’ निवडा. मूळ निवडीनुसार कॉल सुरू झाला की विंडोज बाकीचे आवाज ८० टक्क्यांनी कमी करतं आणि कार्डच सदोष असल्यासारखं वाटतं.

७. ‘रेकॉर्डिंग’मध्ये नवा माइक मुख्य करा. त्याच्या ‘लिसन’ टॅबवरची खूण काढलेली असू द्या, नाहीतर स्वतःचाच आवाज स्पीकरमधून परत येईल. माइक मुकाच राहिला तर सेटिंग्जमधल्या ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त जाऊन मायक्रोफोनची परवानगी बघा; डेस्कटॉप अ‍ॅप्ससाठीचा स्विच तिथे सर्वांत खाली, वेगळा असतो.

८. झूम, टीम्ससारखे प्रोग्राम स्वतःची वेगळी निवड लक्षात ठेवतात. प्रत्येकाच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन ती बदला.

तपासा: डावा आणि उजवा कान वेगवेगळा ऐका, एक मिनिट माइकवर बोलून रेकॉर्डिंग ऐका, कॉम्प्युटर झोपवून पुन्हा उठवा. उठल्यावर आवाज गेला तर ‘विंडोज ऑडिओ’ ही सर्व्हिस रीस्टार्ट करून बघा.

## टप्पा ७: जुना ऑडिओ आता बंद करा

अनेक जण हे सर्वांत आधी करतात. आमचा सल्ला उलट आहे: नवं कार्ड एक दिवस नीट चालल्यावरच जुनं बंद करा. मागच्या जॅकला काही आवाज शिल्लक असेल, तर तोपर्यंत तो हाताशी राहतो.

कॉम्प्युटर चालू होताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायॉसमध्ये जा. ‘ऑनबोर्ड डिव्हाइसेस’ अशा नावाच्या पानावर ‘एचडी ऑडिओ कंट्रोलर’ असतो, तो ‘डिसेबल्ड’ करा आणि एफ१० ने जतन करा.

सावधान: वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि मॉनिटर इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्सवर चालत असेल, तर हा कंट्रोलर बंद केल्यावर एचडीएमआयमधला आवाजही जाऊ शकतो, कारण दोन्ही त्याच कंट्रोलरवरून जातात. टीव्हीवर आवाज हवा असेल तर बायॉसला हात न लावता डिव्हाइस मॅनेजरमधून फक्त रिअलटेक ‘डिसेबल’ करा.

## टप्पा ८: गुणगुण राहिली तर

नवं कार्ड बसवूनही ‘हं…’ अशी सखल, एकसुरी गुणगुण ऐकू येते. आपल्या विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ, म्हणून हा सूर ५० किंवा १०० हर्ट्झचा असतो.

आधी अर्थिंग बघा. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्या सॉकेटला अर्थ नाही. एसएमपीएसच्या फिल्टरमधले कपॅसिटर अशा वेळी कॅबिनेटच्या धातूवर निम्म्या दाबाची, म्हणजे सुमारे ११५ व्होल्टची, अगदी क्षीण गळती आणून सोडतात. तीच स्पीकरच्या वायरीत शिरते. इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटचा अर्थ मोजून घ्या. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी, जाड पिन काढण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका. आत बिघाड झाला तर तुमच्या जिवाला वाचवणारी तीच पिन आहे.

अर्थिंग ठीक असेल तर कॉम्प्युटर आणि अँप्लिफायर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आणा. दोन खोल्यांतल्या दोन सॉकेटमधून वीज घेतली की दोघांच्या अर्थमध्ये फरक पडतो आणि तो ऑडिओच्या वायरीतून वाहतो. अँप्लिफायरला टीव्ही किंवा सेट-टॉप बॉक्स जोडलेला असेल, तर केबलवाल्याची जाड वायर थोडा वेळ काढून बघा. गुणगुण थांबली तर ती त्याच वाटेने येत होती.

एवढं करूनही राहिली तर ३.५ मिमीचा ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्याच्या डबीत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात; आवाज पलीकडे जातो, अर्थचा प्रवाह अलीकडेच थांबतो. तो साउंड कार्ड आणि अँप्लिफायर यांच्या मध्ये लावायचा. अँप्लिफायरपासून स्पीकरकडे जाणाऱ्या वायरीत लावला तर तिथल्या जास्त प्रवाहाने त्याची गुंडाळी जळेल.